दुरुस्तीला नारळ नसतो

मुंबईच्या उपनगरात रस्त्याकडेच्या बाकावर बसायचं म्हणजे कुणाच्या तरी नावाला पाठ टेकावी लागते. बाक सिमेंटचं असो की लोखंडी पट्ट्यांचं, पाठीवर मधोमध ठळक अक्षरांत एक नाव असतं, नावाआधी 'मा.' असतं, वर बारीक अक्षरांत 'यांच्या स्थानिक विकास निधीतून' आणि खाली 'यांच्या विशेष प्रयत्नाने' असं दुसरंच नाव. म्हणजे निधी एकाचा, प्रयत्न दुसऱ्याचा आणि बसणारा तिसराच. मुलुंडला आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत. त्यांनी जन्मभर एकाच पक्षाला मत दिलं, आणि त्यांच्या संध्याकाळच्या फेरीच्या वाटेवरचं एकमेव बाक नेमकं दुसऱ्या पक्षाचं. गुडघे कितीही दुखले तरी आजोबा बसायचे नाहीत, बाकाला टेकून उभे राहायचे. 'टेकणं म्हणजे बसणं नव्हे' ही त्यांची जाहीर भूमिका. मध्यंतरी बाकावरचे साहेबच आजोबांच्या पक्षात आले. दुसऱ्या दिवशी आजोबा बाकावर बसले खरे, पण चेहरा काही बसलेल्या माणसाचा वाटेना.

बाकावर एवढी नावं असतात, पण ज्यांच्या पैशानं ते झालं त्यांचं नाव कुठेच नसतं. टूथपेस्टवर जीएसटी भरणारा मी, मालमत्ता कर भरणारी आमची सोसायटी, रिक्षात गॅस भरणारा रिक्षावाला, आम्ही सगळे मिळून त्या बाकाचे मालक आहोत. आमचा उल्लेख मात्र 'नागरिकांनी स्वच्छता राखावी' एवढ्यापुरता.

या निधीची कुंडली थोडी पाहण्यासारखी आहे. खासदारांची स्थानिक क्षेत्र विकास योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी जाहीर झाली. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदाराच्या वाट्याला पाच लाख रुपये होते. पुढच्याच वर्षी एक कोटी झाले, १९९८-९९ मध्ये दोन कोटी आणि २०११-१२ मध्ये पाच कोटी. आमच्या आमदारांनाही मागे राहून चालणार नव्हतं. २०२० पर्यंत त्यांना वर्षाला दोन कोटी मिळत. तिथून दर अर्थसंकल्पात एकेक कोटी वाढत २०२२ मध्ये तेही पाच कोटींवर पोचले. मुंबई उपनगर जिल्ह्यात २६ आमदार, म्हणजे नुसत्या आमदार निधीचेच वर्षाला १३० कोटी. इतक्या शिस्तीनं वाढलेली दुसरी कोणतीही गोष्ट मला उपनगरात दिसत नाही. बेस्टच्या गाड्या एके काळी चार हजारांच्या वर होत्या, त्या तीन हजारांच्या खाली आल्या. किमान भाडं २०१९ मध्ये पाच रुपयांवर आणलं होतं, ते ९ मे २०२५ पासून दहा झालं. बसची वाट पाहायला बाक मात्र भरपूर आहेत. बसच्या संख्येशी बाकांची संख्या बरोबर उलट्या प्रमाणात ठेवली असावी, असा मला संशय आहे.

आता १३० कोटी ऐकून डोळे विस्फारू नका. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रकच ७४,४२७ कोटींचं होतं. तिथे हे १३० कोटी बेरजेत विसरले तरी लेखापरीक्षकाला झोप लागेल. पण गंमत अशी, की पाऊण लाख कोटींत काय झालं ते आपल्याला आठवत नाही आणि पाच कोटींतलं बाक रोज वाचावं लागतं. यात आमदार-खासदारांचा दोष काढण्यात अर्थ नाही. खासदार निधीच्या नियमावलीतच काम पूर्ण झालं की तिथे कायमस्वरूपी फलक लावा, त्यावर खर्च लिहा, तारखा लिहा आणि खासदारांचं नाव लिहा, असं म्हटलेलं आहे. उपनगरात काटेकोरपणे पाळलं जाणारं हे एकमेव सरकारी कलम असेल. खर्चाचा आकडा तेवढा पहिल्या पावसात पुसला जातो. नावाचा रंग चांगल्या प्रतीचा असतो.

खरी मेख त्याच नियमावलीत पुढे आहे. पैसा 'टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता' उभी करण्यासाठी वापरायचा, असं योजनेत पहिल्यापासून आहे. आणि देखभालीची कामं कित्येक वर्षं चक्क 'चालणार नाहीत' अशा कामांच्या यादीत होती. म्हणजे बांधायचं आणि निघून जायचं. ते टिकवायला पैसे मागायचे नाहीत, कारण ते टिकाऊ आहे असं आधीच लिहून दिलेलं आहे! ही योजना राज्यघटनेत बसत नाही म्हणून काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २०१० मध्ये न्यायालयानं ती वैध ठरवली. घटनेत बसते याबद्दल माझी काही तक्रार नाही. मुलुंडच्या फूटपाथवर बसत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

फूटपाथवरून आठवलं. आमच्या सोसायटीचं शिष्टमंडळ एकदा एका लोकप्रतिनिधींच्या जनसंपर्क कार्यालयात गेलं होतं. शिष्टमंडळ म्हणजे सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी, लेटरहेडवरचं निवेदन धरणारा मी, आणि मोफत चहा मिळतो असं ऐकलेले एक सभासद. मागणी साधी होती. सोसायटीच्या दारापासून स्टेशनापर्यंतचा फूटपाथ सलग चालता येईल असा करून द्यावा. वाटेत तो एका विजेच्या डीपीपाशी संपतो, पुढे एका झाडाच्या आळ्यात संपतो, मग एका हॉटेलच्या पायरीपाशी संपतो आणि शेवटी काही कारण नसताना संपतो.

"बोला काका," साहेब म्हणाले.

"साहेब, फूटपाथ दुरुस्त करून हवाय."

साहेबांचा चेहरा पडला. "दुरुस्ती वॉर्ड ऑफिसकडे येते हो. त्यात आपलं काय दिसणार? दुसरं काहीतरी मागा ना. मोठं मागा."

"मोठं म्हणजे?"

"स्वागत कमान घ्या. सेल्फी पॉइंट घ्या, आय लव्ह मुलुंड, रात्री लाइट लागतो. नाहीतर ओपन जिम देतो. लगेच. या महिन्यात."

"पण आम्हाला स्टेशनापर्यंत चालत जायचंय," बँक अधिकाऱ्यांनी मुद्दा सोडला नाही.

"मग जिममध्ये चालायचं मशीन आहे की काका! उभं राहायचं आणि पाय हलवायचे. रस्ता ओलांडायला नको, गाडी नको, कुत्रं नको. डॉक्टरही तेच सांगतात."

जिम आली. शब्दाचे पक्के होते, महिन्याच्या आत आली. आसपास मोकळी जागा नसल्यामुळे ती फूटपाथवरच बसवली. आता सकाळी आठच्या गाडीला धावणारी माणसं रस्त्यावरून रिक्षा चुकवत जातात आणि फूटपाथवर चार निवृत्त गृहस्थ जागच्या जागी चालत असतात. चालण्यासाठी फूटपाथ वापरला जावा ही आमची मागणी तांत्रिकदृष्ट्या मान्य झालेली आहे.

मोठ्या कामांबद्दल माझी तक्रार नाही, हे इथेच सांगून टाकतो. घाटकोपरहून अंधेरीला ३४० नंबरच्या बसनं ज्यांनी साकीनाक्याचा सिग्नल अनुभवला आहे, त्यांना मेट्रोची किंमत शिकवायला नको. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोचा पायाभरणी समारंभ जून २००६ मध्ये झाला आणि गाडी ८ जून २०१४ रोजी धावली. ११.४ किलोमीटरला आठ वर्षं, म्हणजे वेगाच्या दृष्टीनं तेव्हा ३४० नंबरशी बरोबरीच झाली होती. मूळ २,३५६ कोटींच्या या खासगी भागीदारीच्या प्रकल्पात ६५० कोटी रुपये केंद्र-राज्य सरकारांनी तूट भरून काढायला दिले, म्हणजे पुन्हा आपणच. ते पैसे वसूल झाले असं मी छातीठोक सांगेन. आता १३ जुलै २०२४ ला पंतप्रधानांनी गोरेगावात येऊन ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचं आणि गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यांचं भूमिपूजन केलं. आज मुलुंडच्या माणसाला लोकलनं बोरिवलीच्या बहिणीकडे जायचं तर आधी दादरला जावं लागतं, आणि दादरला गेल्यावर तिथल्या खरेदीतच भाऊबीज आटपते. बोगदे झाले की डोंगराखालून सरळ जाता येईल. येईलच. मी त्या बोगद्यातून एकदा तरी जाणार आहे. पलीकडे उतरल्यावर पुढची पाचशे पावलं कुठून चालायचं, एवढाच प्रश्न उरेल, कारण डोंगर फोडायला पैसे आहेत, डीपी फूटभर सरकवायला नाहीत.

आणि हे पाचशे पावलांचं काम किरकोळ आहे असं कुणी समजू नये. महानगराचं नियोजन करणाऱ्या एमएमआरडीएनंच केलेल्या वाहतूक अभ्यासात असं दिसलं होतं, की इथले निम्म्याहून अधिक प्रवास निव्वळ पायी होतात. लोकल नाही, बस नाही, गाडी तर नाहीच; फक्त पाय. पायांची ही संख्या लक्षात घेऊन सरकारनं पायांसाठी काहीतरी भव्य करायचं ठरवलं, आणि तिथून स्कायवॉकचा जन्म झाला.

स्कायवॉकचं तत्त्वज्ञान मला फार आवडतं. स्टेशनबाहेरचा फूटपाथ फेरीवाले, पार्क केलेल्या बाइक, केबिनी आणि फलक यांनी भरून गेलेला आहे, हे सगळ्यांना मान्य होतं. आता यातलं काय हलवायचं? फेरीवाल्याला हलवलं तर तो ओरडतो, बाइकवाल्याला हलवलं तर तो 'ओळखतोस का मला' विचारतो, फलक हलवला तर फलकावरचा माणूस फोन करतो. न ओरडता, न विचारता, न फोन करता हलणारा एकच घटक होता, तो म्हणजे पादचारी. तेव्हा त्यालाच उचलून दोन मजले वर ठेवलं. पहिला स्कायवॉक २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला झाला; मग अंधेरी, घाटकोपर, बोरिवली करत महानगरात तीन डझनांच्या आसपास झाले, शेकडो कोटी खर्चून. स्टेशनाच्या पुलाला जोडलेली, छपराची, पिवळ्या-निळ्या रंगाची ती लांबलचक नळी पाहून आम्ही भारावलो होतो. सिंगापूर, सिंगापूर असं लोक म्हणत होते.

मग लोकांच्या लक्षात आलं की वर जायला जिने आहेत. उपनगरातला माणूस लोकलमधून उतरताना पुलाचा एक जिना चढलेला असतो, हातात भाजीची पिशवी असते, डोक्यात शेअर रिक्षाची रांग असते. त्याला रस्ता खाली दिसतो, रिक्षा खाली दिसते, वडापाव खाली दिसतो. तो खालीच उतरतो. वर कोण राहिलं? दुपारी झोपणारे, संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून भविष्याविषयी बोलणारी जोडपी, परीक्षेच्या दिवसांत अभ्यास करणारी मुलं आणि अलीकडे रील करणारी मंडळी. नंतर फेरीवाल्यांच्याही लक्षात आलं की जिथे पादचारी तिथे आपण हे तत्त्व दोन मजल्यांवरही लागू पडतं, आणि काही ठिकाणी तेही वर गेले. फेरीवाल्याचा बाजाराचा अभ्यास सरकारी सल्लागारापेक्षा पक्का असतो. तो रिकाम्या स्कायवॉकवर पथारी लावत नाही. तो चढला तर समजावं की स्कायवॉक यशस्वी झाला.

यथावकाश लाद्या उखडल्या, दिवे गेले, छपराचे पत्रे वाजू लागले. स्कायवॉक एमएमआरडीएनं बांधले होते, सांभाळायला महापालिकेकडे आले. नवी वस्तू एकाच्या हातून उद्घाटन करून घ्यायची आणि जुनी झाली की दुसऱ्याच्या दारात ठेवायची, हा व्यवहार आपल्याकडे भांड्याकुंड्यांपासून पुलापर्यंत सगळीकडे चालतो. वांद्र्याचा तो पहिलावहिला स्कायवॉक २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि पुढे पाडावा लागला. अकरा वर्षं! आमच्या आत्याचा मिक्सर त्याहून जुना आहे. त्याचं कुणी लोकार्पण केलं नव्हतं, पण आत्या दर दिवाळीला त्याचं झाकण काढून पुसते.

आता अंधेरी. अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. ३ जुलै २०१८ च्या सकाळी, भर पावसात, या पुलाच्या फूटपाथचा भाग रुळांवर कोसळला. त्यात दोघांचा जीव गेला; त्याबद्दल विनोद करवत नाही. नंतर जे झालं ते मात्र विनोदाच्याच खात्यात जमा करावं लागतं. रेल्वे म्हणे देखभाल महापालिकेची, महापालिका म्हणे आम्ही रेल्वेला पैसे देतो, देखभाल रेल्वेची. कोनशिलेवर आपलं नाव हवं म्हणून झालेली भांडणं आपण पुष्कळ पाहिली आहेत. हे भांडण आपलं नाव नको म्हणून होतं. मराठी माणसानं विनयाचा एवढा मोठा सार्वजनिक देखावा पूर्वी पाहिला नव्हता.

७ नोव्हेंबर २०२२ ला पूल पूर्ण बंद झाला. पूर्व-पश्चिम जाणारी गर्दी अंधेरी सबवेकडे वळली, आणि अंधेरी सबवेची ख्याती अशी की आकाशात ढग दिसला तरी तो भरू लागतो. अंधेरीकर सव्वा वर्ष असे काढत असताना २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू उघडली. फटाके, फुगे, फिती. आणि फीत कापून पुढे गेलेल्यांना दिसलं, की गोखले पुलाला जिथे सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल येऊन मिळायचा, तिथे तो मिळतच नाही. तो जवळजवळ दीड-दोन मीटर खाली आहे. लग्नाच्या दिवशी मुलाकडच्यांनी पहिल्या मजल्याचा हॉल घ्यावा आणि मुलीकडच्यांनी तळमजल्याचा, तसे दोन्ही पूल एकमेकांकडे बघत उभे होते.

कारण अगदी शास्त्रशुद्ध होतं. रेल्वेच्या नव्या नियमांप्रमाणे रुळांवर पुलाची उंची वाढवावी लागली, म्हणून गोखले पूल वर गेला. बर्फीवाला पूल जिथे होता तिथेच राहिला, कारण त्याला कुणी कळवलं नाही. अंधेरीत त्या आठवड्यात प्रत्येक जण स्थापत्य अभियंता झाला होता. एकानं लिफ्ट सुचवली. एकानं सांगितलं की हा पूल नसून संयमाची परीक्षा आहे. शेवटी व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलला, खाली आधार भरले, दोघांना एका पातळीवर आणलं, आणि ४ जुलै २०२४ पासून जुहूकडून पूर्वेला जाणारी वाहनं त्यावरून जाऊ लागली. हे काम खरंच अवघड होतं आणि झकास झालं. पुलाचा भाग खालून अलगद उचलणाऱ्या अभियंत्यांच्या नावाचं बाक अंधेरीत कुठे दिसलं तर मला कळवा. गोखले पूल दोन्ही बाजूंनी पूर्ण खुला झाला ११ मे २०२५ रोजी. तोवर मूळ अपघाताला सात वर्षं होत आली होती.

फितीशिवाय पूल उघडला तर काय होतं, याचाही प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. लोअर परळचा डिलाइल रोड पूल नोव्हेंबर २०२३ मध्ये उद्घाटनाची तारीख ठरेना म्हणून विरोधी पक्षाच्या नेत्यांनी रात्री जाऊन उघडला, तर त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला आणि पूल पुन्हा बंद झाला. याउलट घाटकोपर आणि मुलुंडच्या मधला विक्रोळीचा रेल्वेवरचा पूल. लोकांनी फाटकापाशी वर्षानुवर्षं वाट पाहिलेला हा पूल १४ जून २०२५ ला कुठलाही समारंभ न करता खुला झाला. समारंभासाठी लोकांना ताटकळत ठेवू नका, असा वरूनच निरोप होता. मंडप नाही, शाल नाही, 'दोन शब्द' नाहीत. परिणाम असा झाला की पहिले काही दिवस पूर्व उपनगरातल्या माणसाचा विश्वासच बसेना. एका रिक्षावाल्यानं तर मला पुलाच्या तोंडाशी रिक्षा थांबवून विचारलं, "काका, उद्घाटन नाही झालं म्हणजे पक्का ना हा?" त्याला वाटत होतं, नारळ फोडणं हा पुलाच्या मजबुतीच्या चाचणीचाच भाग आहे.

आता नगरसेवकांकडे येऊ. महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि पुढे कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. नगरसेवक नाहीत म्हणजे नगरसेवक निधी नाही, निधी नाही म्हणजे फलक नाहीत, असं तर्कशास्त्र सांगतं. उपनगरानं तर्कशास्त्रावर मात केली. 'भावी नगरसेवक' नावाचा वर्ग उदयाला आला. त्यांच्याकडे निधी नव्हता, अधिकार नव्हता, पण 'पाठपुरावा' होता. 'यांच्या पाठपुराव्याला यश!' असा फलक लावायला कुठलीच योजना लागत नाही. बोरिवलीत एका शाळेसमोर गतिरोधक झाला, तर रस्त्याच्या डाव्या बाजूला एका भावींचा फलक आणि उजव्या बाजूला दुसऱ्या भावींचा. दोघांनी समान पाठपुरावा केला होता. मुलांना सोडायला येणाऱ्या आया फलक वाचता वाचता गाडी हळू करत, त्यामुळे गतिरोधकापेक्षा फलकांनीच वेग जास्त कमी झाला, हे मान्य केलं पाहिजे. पावसाळ्यात गतिरोधकाचा अर्धा भाग वाहून गेला. 'यांच्या पाठपुराव्याअभावी' असा फलक मात्र कुणी लावला नाही.

आणि मार्च महिना. ३१ मार्चच्या आत अंदाजपत्रकातला पैसा खर्च करायचा असतो, म्हणून होळीच्या सुमारास उपनगरात पेव्हर ब्लॉकचे ट्रक फिरू लागतात. बरे असलेले पेव्हर काढायचे आणि त्या जागी दुसरे बरे असलेले बसवायचे. आधी नागमोडी होते, मग डमरूच्या आकाराचे आले, मग चौकोनी. पहिल्या पावसात खालची रेती वाहून गेली की एका टोकावर पाय ठेवल्याबरोबर दुसऱ्या टोकातून पाण्याची पिचकारी उडते, आणि पांढरे कपडे घालून लग्नाला निघालेला माणूस घरी परत येतो. काढलेले जुने पेव्हर वाया जात नाहीत, हे मात्र सांगितलं पाहिजे. उभ्या रिक्षाच्या चाकामागे, चहाच्या टपरीच्या पायाखाली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून फलकांच्या पायावर ते आयुष्यभर सेवा करतात. भूमिपूजनाचा फलक ज्या पेव्हरच्या वजनावर उभा असतो, तो बहुधा मागच्या भूमिपूजनातला असतो.

या सगळ्यातून मला एक गोष्ट पटली आहे. सार्वजनिक पैसा आपल्याकडे कमी नाही आणि माणसंही वाईट नाहीत. जे काम सुरू होतं किंवा संपतं, त्याला पैसा मिळतो, कारण दोन्ही टोकांना नारळ फोडता येतो. जे काम रोज करावं लागतं, ते कधी सुरूही होत नाही आणि संपतही नाही. सैल पेव्हर घट्ट बसवणं, स्कायवॉकचा दिवा बदलणं, सबवेच्या तोंडाशी पावसाआधी गटार उपसणं, पुलाच्या गर्डरला लागलेला गंज खरवडणं, याचा मुहूर्त कुठला काढणार? त्याचा फोटो काय येणार? फीत कुठे बांधणार?

म्हणून आमच्या उपनगरांतल्या आजी, माजी आणि भावी लोकप्रतिनिधींना एक जाहीर विनंती आहे. दुरुस्तीचंही उद्घाटन करा. खरंच करा, आम्ही हसणार नाही. स्टेशनाच्या रस्त्यावरचा एक सैल पेव्हर निवडा, गवंडी सोबत आणा, त्याला पुरेसं सिमेंट वापरू द्या, आणि मग लोकार्पण करा. फलक लावा, हवं तर पेव्हरपेक्षा मोठा लावा. तो लावायला आमच्या सोसायटीची भिंत मोफत मिळेल. भाडं घेणार नाही असा ठराव आम्ही बहुमतानं केला आहे. नारळ आम्ही आणू. फक्त तो त्याच पेव्हरवर फोडू नका.